आईचा झगा आणि रंगाचे दोन हात

फोटो रविवारी काढायचा होता आणि गुरुवारची संध्याकाळ झाली तरी घालायचं काय, हे ठरलं नव्हतं. पलंगावर कपड्यांचा ढीग पडला होता. ढिगाच्या एका बाजूला आठवा महिना लागलेली बायको पाय पसरून बसली होती आणि दुसऱ्या बाजूला तिचा नवरा एकेक कपडा उचलून आधी दिव्याखाली धरत होता, मग खिडकीपाशी नेत होता आणि मान हलवत परत आणत होता. लग्नाला होकार देताना या माणसाने एवढा विचार केला असता तर आज आपण इथे नसतो, असं बायकोच्या मनात येऊन गेलं.

नवरा भिंतींच्या रंगाच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाईक हातात पोपडा घेऊन यायचं, कधी उशीचा अभ्रा, कधी पोराचा मोजा, आणि म्हणायचं, असाच रंग द्या. हा तो तुकडा डोळ्यांसमोर धरायचा, डबा उघडायचा, चार थेंब इकडचे, दोन तिकडचे, आणि रंग असा जुळवायचा की गिऱ्हाइकाला आपला मोजा कुठला आणि भिंत कुठली ते कळू नये. दुकानात सगळे त्याला शेडवाला म्हणत. नुसता पांढरा मागणाऱ्याला तो परत पाठवायचा, आधी कुठला पांढरा ते ठरवून या म्हणून. गिऱ्हाईक निघताना मात्र न चुकता सांगायचा, "घरी न्या, खिडकीपाशी बघा. दुकानातला रंग खरा नसतो."

अशा माणसाला एक खोड लागते. त्याला वस्तू दिसण्याआधी तिचा रंग दिसतो. बायकोला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो तिला म्हणाला होता की तुमची पर्स अंजिरी आहे आणि तिचा पट्टा डाळिंबी, दोन्ही एका कारखान्यातले नाहीत. तिला वाटलं, किती बारीक लक्ष आहे याचं. लक्ष पर्सवर होतं हे तिच्या ध्यानात आलं, पण तोवर लग्न होऊन गेलं होतं.

बायको दातांच्या दवाखान्यात दाराशी बसायची, लोकांना नंबर द्यायची. स्वतःचा एकही फोटो तिला आवडायचा नाही, कारण प्रत्येक फोटोत ती पोट आत ओढून उभी असायची. आता ते ओढायचं कारण उरलं नव्हतं. बऱ्याच वर्षांच्या वाट पाहण्यानंतर ही वेळ आली होती आणि तिला एकच फोटो हवा होता. उद्या मूल मोठं झालं की दाखवायला, बघ, तू इथे होतास.

फोटोवालीने कळवलं होतं की कपडा एका रंगाचा असावा, पायघोळ असावा, फुलं-रेघा नकोत आणि मुख्य म्हणजे अंगाला मोकळा वाटावा. शेडवाल्याने पहिली अट पाठ केली आणि शेवटची वाचलीच नाही. लाल पोशाख पाठीवर मिटत नव्हता, पण त्याने तो नाकारला तो विटकरीकडे झुकतो म्हणून. ताणला जाणारा पिवळा कपडा घालून बायको लोडासारखी दिसत होती, हे तिला स्वतःला दिसत होतं. त्याला दिसत होतं ते एवढंच की हा पिवळा पडद्याच्या मोतिया रंगापुढे आजारी वाटेल. फोटोवालीकडे भाड्याचा लांब शेपटीचा गाऊन होता. पण तिच्या भिंतीवरच्या झाडून सगळ्या बाया त्याच गाऊनमध्ये उभ्या होत्या. आपल्या मुलाला गणवेशात जन्माला घालायचं नाही, असं म्हणून बायकोने तो विषय संपवला.

मग ती रडली. फार नाही, थोडीशी. आठव्या महिन्यात तेवढं चालायचंच.

दारात आई उभी होती. आई म्हणजे शेडवाल्याची आई. उभा जन्म कचेरीत टायपिस्टचं काम करून, दुसऱ्यांचे शब्द बडवून बडवून तिने स्वतःचे शब्द वाचवून ठेवले असावेत, कारण घरात ती फार कमी बोलायची. बोलायचं असलं की समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघायची. मुलाच्या बाबतीत ही वाट लांबायची. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हा बघतेस का घालून?" ती सुनेला म्हणाली. "याच्या वेळचा आहे माझा."

आत एक निळा झगा होता. जुना, मऊ, गळ्याशी दोन बटणं, बाकी सगळा घोळ. बायकोने तो घातला आणि अनेक दिवसांत पहिल्यांदा तिने आरशात बघून श्वास सोडला. कुठे ओढलं जात नव्हतं, कुठे टोचत नव्हतं. झगा पोटावर असा बसला होता की जणू त्याला ती जागा माहीत होती. आई बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती चष्मा पुसू लागली.

"आई, हाच. दुसरा कुठलाच नको," सून म्हणाली.

"आहे तसाच घाल," आई म्हणाली.

शेडवाल्याने झगा दिव्याखाली बघितला, मग बायकोला खांद्याला धरून खिडकीपाशी नेलं. आणि त्याचा चेहरा पडला. पोटावर, थोडा डावीकडे, बशीएवढा गोल रंग उडालेला होता. बाकी झगा गडद निळा आणि तेवढा भाग पुसून काढल्यासारखा फिका.

"हा डाग बघितलास का? फोटोत पहिला हाच दिसणार. बरोबर मध्यावर."

"दिसू दे की," बायको म्हणाली.

"दिसू दे काय? जन्मभर भिंतीवर लागणार तो फोटो. आणि मी रंगाचा माणूस. लोक काय म्हणतील?"

"अरे, तो डाग..." आईने सुरुवात केली.

"आई, तू राहू दे. रंगातलं तुला काय कळतं? मी करतो बरोबर."

तो रागाने बोलला नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, घाईत, प्रेमाने बोलला होता. आईने तोंड मिटलं, कागदाची घडी घातली आणि ती आपल्या खोलीत गेली. बायकोच्या मनात आलं की त्यांना काहीतरी सांगायचं होतं. पण पाठ दुखत होती, झगा मिळाला होता, आणि नंतर विचारू असं म्हणून तिने ते पुढे ढकललं. माणसं जे नंतर विचारणार असतात त्याची एक वेगळी खोलीच बांधावी लागेल.

शनिवारी दुपारी आई चष्म्याची काडी बसवायला बाहेर गेली होती आणि बायको झोपली होती. शेडवाल्याने कपड्याचा रंग आणला. झग्याची आतली शिवण किंचित उसवून त्याने मूळचा निळा पाहिला आणि बशीत थेंब थेंब करून तो अचूक जुळवला. इथपर्यंत त्याचं चुकलं नाही. इथपर्यंत जगात कोणाचंच फारसं चुकत नाही.

आधी त्याने नुसत्या डागापुरता रंग लावला. वाळल्यावर फिक्या डागाच्या जागी काळपट डाग दिसू लागला, आणि काठाने खाली उतरलेले दोन ओघळही. म्हणजे आगीतून फुफाट्यात. आता अख्खा झगाच रंगवणं भाग होतं. त्याने दूध तापवायचं मोठं पातेलं घेतलं, पाणी उकळलं, झगा आत बुडवला आणि कालथ्याने ढवळला. कालथा निळा झाला, ओटा निळा झाला, पुसायला घेतलेला बायकोचा टॉवेल निळा झाला. झगा मात्र सुंदर दिसत होता.

भिंतीच्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. एका हाताने भागत नाही, रंगाचे दोन हात मारावेच लागतात. आणि रंगवलेली भिंत कोणी धूत नाही. त्याने झगा वाळवला, पुन्हा पातेल्यात घातला, दुसरा हात मारला आणि न धुता, न खळबळता सरळ दोरीवर टाकला. रंगाच्या पाकिटावर शेवटी काय करायचं ते छापलेलं होतं, पण पाकिटावरचं गिऱ्हाइकांनी वाचायचं असतं, असं त्याचं मत होतं.

आई परत आली तेव्हा झगा पंख्याखाली वाळत होता. दुरुस्त झालेला चष्मा लावून ती दोरीसमोर उभी राहिली. पोटावरची जागा तिने बोटांनी चाचपली. तिथे आता काही नव्हतं. सगळा झगा एकसारखा निळा होता.

"ओळखू येतंय का कुठे होता ते?" शेडवाल्याने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "छान झालाय."

त्या दिवशी तिने चहा घेतला नाही. बायकोने नवऱ्याला म्हटलं की आई गप्प आहेत. तो म्हणाला, आई नेहमीच गप्प असते, आणि छान म्हणाली की तोंडाने. निळा टॉवेल बघून बायकोला मग दुसरंच बोलायचं सुचलं आणि तो विषय राहिला तो राहिलाच.

रविवारी फोटोवालीच्या खोलीत मोतिया पडदा लागला होता, पांढराशुभ्र सोफा होता आणि दोन्ही बाजूंनी मोठे दिवे होते. फोटोवाली बोलकी बाई होती. तिने झग्याचं कौतुक केलं आणि शेडवाल्याची छाती फुगली. मग तिने बायकोला दोन्ही हात पोटावर ठेवायला सांगितले. एक वर, एक खाली, हलकेच फिरवा, बाळाशी बोलताय असं. दिव्यांनी खोली तापली. बायकोला घाम फुटला. तिने कपाळ पुसलं, गाल पुसला, पुन्हा हात पोटावर ठेवले. मग शेडवाल्याला गुडघ्यावर बसवून पोटाला कान लावायला सांगण्यात आलं. त्याने एक कान लावला, मग दुसरा, मग नाकही टेकवलं. त्याला खरंच काहीतरी ऐकू येत होतं आणि तो हलायला तयार नव्हता.

फोटोवालीने डोळ्यापुढचा कॅमेरा खाली केला. पुन्हा वर केला. पुन्हा खाली केला.

"ताई," ती म्हणाली, "तुमचे हात नेहमी असेच असतात का?"

बायकोने हात बघितले. तळवे निळे होते. नखं निळी होती. समोरच्या आरशात तिचं कपाळही निळं होतं. फोटोवालीने कुठेतरी वाचलं होतं की रक्त पोचलं नाही की माणूस निळा पडतो, आणि ते तिने मोठ्याने सांगितलं. हे ऐकून बायको मटकन पांढऱ्या सोफ्यावर बसली. ती अशी बसलेली पाहून फोटोवालीची खात्री पटली. समोरच रस्त्यापलीकडे दवाखाना होता. एका बाजूने फोटोवाली, दुसऱ्या बाजूने शेडवाला आणि मध्ये हात पुढे धरून चाललेली बायको, अशी वरात रस्ता ओलांडू लागली. गाड्या थांबल्या. लोकांनी वाट करून दिली.

खरं सांगायचं तर रस्त्याच्या मध्यावरच शेडवाल्याने तो रंग ओळखला. उन्हात बायकोचा तळवा दिसला. स्वतः जुळवलेली शेड तो ओळखणार नाही तर कोण? पण बायको रडकुंडीला आलेली, फोटोवाली धापा टाकत बाजूला व्हा म्हणून ओरडणारी, गाड्या खोळंबलेल्या. अशा वेळी मध्येच थांबून हा माझाच रंग आहे असं कसं सांगायचं? सांगायला तोंड उघडलं, की समोरचं कोणीतरी बोलतच असायचं. आईचं कसं होत असेल, हे त्याला तेव्हाही सुचलं नाही.

दवाखान्यातली वयस्कर नर्स शांत होती. तिने नाडी बघितली, जीभ बघितली, पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले. ठोके खणखणीत होते. मग तिने कापसाचा बोळा औषधात भिजवून बायकोच्या तळव्यावरून फिरवला आणि तो निळा बोळा सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"रंग आहे हा," ती म्हणाली. मग तिची नजर शेडवाल्याकडे वळली. त्याचे दोन्ही कान निळे होते, आणि नाकाचा शेंडासुद्धा. "तुम्ही काय काम करता?"

"रंगाच्या दुकानात असतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

नर्सने बोळ्यांचं अख्खं पुडकं त्याच्या हातात ठेवलं.

बायको त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "एक फोटो मागितला होता रे मी," आणि रस्ता ओलांडून परत गेली.

कपाळाचा रंग पुसून पुसून फिका झाला, पण गेला नाही. सोफ्यावर बसल्या जागी निळा चंद्र उमटला होता. फोटोवाली मनाने मोठी होती. ती म्हणाली, सोफ्याचं बघू नंतर, ताई आधीच दमल्यात, आपण फोटो काळा-पांढरा काढू या. त्यात निळं कुठलं आणि गोरं कुठलं कोणाला कळणार नाही. आणि तसाच काढला. विटकरी म्हणून लाल नाकारणाऱ्या, आजारी म्हणून पिवळा नाकारणाऱ्या शेडवाल्याच्या घरातला हा एकमेव मोठा फोटो बिनरंगाचा निघाला. त्यात बायको दमलेली दिसत होती, पण पोट आत ओढलेलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात मुलगी झाली. धामधुमीत फोटो विसरला गेला, आणि चौकट लावून घरी आला तेव्हा मुलगी मान धरू लागली होती. शेडवाल्याने तो भिंतीवर लावला. आई नातीला खांद्यावर घेऊन फोटोजवळ गेली, चष्मा वर सरकवून बघत राहिली. मग फोटोतल्या पोटावर, थोडं डावीकडे, तिने बोट ठेवलं.

"इथे होता ना?"

"एवढासुद्धा दिसत नाहीये, आई," तो म्हणाला. एवढी एक गोष्ट तरी नीट झाली होती. "दोन हात मारलेत."

"हो. नाहीच दिसत."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. बायको आतून बाहेर आली. नंतर विचारू म्हणून ठेवलेलं तिने आता विचारलं.

"आई, तो डाग कसला होता हो?"

आईने सवयीने आधी मुलाकडे बघितलं. तो काही बोलत नव्हता.

"याच्या आधीचं एक गेलं होतं माझं," ती म्हणाली. "म्हणून याच्या वेळी डॉक्टरांनी उठायची बंदी केली. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत पडून असायचे. हाच झगा अंगात. दुपारचं ऊन आलं की हा आत हलायचा. ऊन सरकलं की गप्प. गप्प झाला की मला भीती वाटायची. मग मी सरकून सरकून पोट उन्हात ठेवायचे. रोज त्याच जागी." नातीने खांद्यावर मान टेकली. "तेवढाच रंग उडाला. तेव्हा कोण काढत होतं पोटुशीचे फोटो? मला वाटलं, तुझ्या फोटोत त्या डागाबरोबर येईल माझंही."



"मग सांगायचं नाहीस का मला?" शेडवाल्याने विचारलं.

"सांगणार होते. पण तू म्हणालास, रंगातलं तुला काय कळतं. ते काही खोटं नाही, बाळा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. आपल्याला आईने असं बशीएवढं जपून ठेवलं होतं आणि आपण ते पातेल्यात उकळलं, हे त्याच्या डोक्यातून जाईना. दुकानात दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने नुसता पांढरा मागितल्यावर त्याने नुसता पांढरा दिला. मालकाला वाटलं, याला बरं नाही.

तो फिका निळा जुळवून बघावा म्हणून त्याने थेंब थेंब कालवायला घेतले, पण जुळवायचं कशाशी? तो रंग त्याने बघितलाच नव्हता. त्याने डाग बघितला होता. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. त्याने झगा खिडकीत दोरीवर टांगला, पोटाची जागा बरोबर उन्हात येईल असा, आणि सकाळ-दुपार येता-जाता तो थोडा थोडा सरकवू लागला. बायकोने ते बघितलं. दुपारी तो दुकानात असला की ती स्वतःच झगा सरकवायची.

उन्हाने आपलं काम केलं. खांद्यांवर रंग उडाला, दोरीपाशी एक पांढरट पट्टा उमटला, घडीघडीला रेघा पडल्या. पोटाची जागा रिकामी असल्यामुळे आत ओढली गेली होती आणि सगळ्यात गडद तीच राहिली.

एका दुपारी आई नातीला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली होती. नात उन्हात पाय झाडत होती. शेडवाला झग्याच्या घड्या ओढून ओढून सरळ करत होता.

"असा नाही उडत तो," आई म्हणाली. "आत कुणीतरी असावं लागतं."

त्याचे हात थांबले. त्याने झगा दोरीवरून काढला, आई घालायची तशीच घडी घातली आणि तो तिच्या शेजारी ठेवला. ती अजून पाय झाडणाऱ्या नातीकडे बघत होती. त्याने मुलीला घ्यायला हात पुढे केले आणि मागे घेतले. झगा अजून कोणी धुतला नव्हता, आणि त्याची बोटं पुन्हा निळी झाली होती.